न जुळलेल्या ओळी

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या हिवाळ्यात आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक येथे झाले. हे विनोबाजींचे जन्मगाव, आणि माझेही गाव. वर्गातल्या मैत्रिणी आपल्या घरी येणार, सारवलेली ओटी आणि कौलांतून गळालेल्या पाण्याचे डाग पाहणार, या विचाराने शिबिराआधी दोन रात्री मला धड झोप लागली नाही. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. प्रत्यक्षात मैत्रिणींनी ओटीकडे पाहिलेदेखील नाही. शेतावर लावलेल्या पोपटीवर त्या तुटून पडल्या आणि माझी सारी काळजी फुकट गेली.

शिबिरात आम्हांला घरोघरी पाहणी करायची होती. प्रत्येक घरासाठी एक छापील अर्ज, आणि त्यात चाळीस रकाने. प्रत्येक गटाने एकेक वाडी वाटून घेतली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या पडवीत सरांनी एक साधाच प्रश्न विचारला, "साठ वर्षांवरील किती स्त्रिया एकट्या राहतात? वाडीवार सांगा."

गाव माझे, म्हणून मी उत्साहाने पुढे झाले. सर्व गटांचे गठ्ठे माझ्यापुढे ओतून घेतले आणि एकेक अर्ज उलटू लागले. मध्येच वारा आला, अर्ज उडाले, एका वाडीचे दुसऱ्या वाडीत मिसळले. रात्री अकरा वाजता माझी बेरीज तिसऱ्यांदा निराळी आली. डोळ्यांत पाणी यायचेच बाकी होते. सर हसले नाहीत. एवढेच म्हणाले, "अगं, सगळी घरं तू आपल्याकडे कशाला बोलावलीस? तुझा प्रश्न घरांकडे पाठव."

दुसऱ्या दिवशी आम्ही तसेच केले. गठ्ठे ज्याचे त्याच्याकडेच राहिले. प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून सर्व गटांकडे फिरवला. प्रत्येक गटाने आपापल्या गठ्ठ्यात मोजून फक्त एक आकडा माझ्याकडे आणून दिला आणि मी ते आकडे एका कागदावर मांडले. दहा मिनिटांत काम संपले.

ऐरोलीला एका डेटा सेंटरमध्ये वातानुकूलन यंत्रांची देखभाल करणारा माझा चुलत दादा त्या दिवशी गावी आला होता. पडवीच्या कठड्यावर बसून तो हे पाहत होता. तो म्हणाला, "आमच्याकडच्या मशीन दिवसरात्र हेच करतात. म्हणून तर तापतात." त्याच्या या एका वाक्याने मला या विषयाची ओढ लागली. वास्तविक मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी; संगणकशास्त्राशी माझा संबंध नाही. तथापि पुढचे काही महिने ग्रंथालयात आणि संगणक कक्षात बसून जे वाचले व समजले, ते माझ्यासारख्याच कलाशाखेच्या वाचकांपुढे मांडावे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम प्रश्नाचे आकारमान पाहू. पेटाबाइट हे माहितीचे एक माप आहे. एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख गिगाबाइट. एखादी चकती सेकंदाला शंभर मेगाबाइट वाचते असे धरले, तर एक पेटाबाइट माहिती नुसती एकदा वाचून काढायला तिला सुमारे ११६ दिवस लागतील. तीच माहिती हजार चकत्यांवर वाटून ठेवली आणि सर्वांनी एकाच वेळी वाचायला घेतली, तर काम पावणेतीन तासांत होईल. यात बुद्धीची चमक काहीच नाही, निव्वळ भागाकार आहे. फेसबुक या कंपनीने २०१३ साली आपल्या कोठारात ३०० पेटाबाइट माहिती असल्याचे जाहीर केले होते. एवढा गठ्ठा एका पडवीत, एका मुलीपुढे ओतता येत नाही, हे उघड आहे.

म्हणून माहितीचे तुकडे करून ते अनेक संगणकांवर ठेवतात आणि त्या सर्वांना एकच प्रश्न एकाच वेळी विचारतात. ही व्यवस्था चालवणाऱ्या प्रणालीला 'डिस्ट्रिब्यूटेड क्वेरी इंजिन' असे नाव आहे. मी तिला येथे 'प्रश्नयंत्रणा' म्हणेन.

ही कल्पना संगणकाच्या आधीपासून आपल्या देशात हाताने वापरली गेली आहे. १९०१ च्या जनगणनेत चिठ्ठ्यांची पद्धत स्वीकारण्यात आली. गणकाने वहीत लिहिलेल्या प्रत्येक माणसाची माहिती कारकून एकेका चिठ्ठीवर उतरवीत. धर्माप्रमाणे चिठ्ठीचा रंग वेगळा असे. मग दुसरे कारकून त्या चिठ्ठ्या खणाखणांच्या फडताळात वाटीत, प्रत्येक खणातील चिठ्ठ्या मोजीत आणि आकडा तक्त्यात भरीत. वयाचा प्रश्न झाला की त्याच चिठ्ठ्या पुन्हा व्यवसायाप्रमाणे वाटायच्या. खालचे तक्ते वर जात आणि शेवटी प्रांताचा आकडा तयार होई. हजारो कारकून वेगवेगळ्या ठिकाणी बसून एकाच प्रश्नाचे उत्तर काढीत होते. २०११ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ असल्याचे आपण वाचतो. अशा आकड्यामागे एक मोठी बेरीज नसते, लहान लहान अगणित बेरजा असतात.

आता प्रश्नयंत्रणा काम कशी करते ते क्रमाने पाहू.

प्रश्न विचारण्याची भाषा बहुधा एसक्यूएल ही असते. १९७० साली एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याचा सिद्धांत दिला आणि त्याच्या आधारे १९७४ मध्ये आयबीएम कंपनीतील चेंबरलिन व बॉइस यांनी या भाषेचे पहिले रूप पुढे आणले. हिचे वैशिष्ट्य असे की, विचारणाऱ्याने फक्त काय हवे ते सांगायचे. ते कसे शोधायचे हे सांगायचे नाही. सरांनी 'साठ वर्षांवरील एकट्या स्त्रिया, वाडीवार' एवढेच म्हटले होते. गठ्ठे कसे उलटायचे हे त्यांनी सांगितले नव्हते.

'कसे' हे ठरवणारा एक संगणक असतो. त्याला संयोजक म्हणू. तो प्रश्न वाचतो, त्यातील चुका तपासतो, कामाचा आराखडा आखतो आणि कामाचे तुकडे पाडून ते बाकीच्या कामकरी संगणकांना वाटून देतो. आराखडा अनेक तऱ्हांनी आखता येतो. चांगला संयोजक त्यांतला स्वस्त आराखडा निवडतो. येथे स्वस्त म्हणजे पैशाने नव्हे. ज्यात कमी वाचावे लागते आणि तारेवरून कमी माहिती इकडून तिकडे न्यावी लागते तो. आपल्या चकतीवरचे वाचणे तुलनेने सोपे असते, पण हजार संगणकांनी एकाच वेळी एकमेकांकडे माहिती पाठवायला सुरुवात केली, तर गणपतीच्या आधी मुंबई-गोवा महामार्गाची जी अवस्था होते तीच त्या तारांची होते.

म्हणून पहिला नियम असा की, नको ते उगमापाशीच गाळून टाकावे. साठीच्या आतील माणसांच्या ओळी पुढे पाठवायच्याच नाहीत. दुसरा नियम, नको ते रकाने वाचायचेच नाहीत. आमच्या अर्जात चाळीस रकाने होते. सरांच्या प्रश्नाला लागत होते जेमतेम चार. कागदाचा अर्ज हातात घेतला की चाळीसही डोळ्यांपुढे येतात. पण समजा, वयांची एक वेगळी वही, व्यवसायांची वेगळी, जमिनीची वेगळी, अशा चाळीस वह्या केल्या असत्या, तर चार वह्या उघडून भागले असते. मोठ्या कोठारांत आता माहिती अशीच, रकान्यांप्रमाणे, साठवतात. शिवाय वहीच्या प्रत्येक भागावर 'या भागातील सर्वांत लहान वय इतके, सर्वांत मोठे इतके' अशी चिठ्ठी लावलेली असते. सर्वांत मोठे वय ५४ असेल, तर तो भाग उघडण्याचे कारणच उरत नाही.

तिसरा नियम, जिथे माहिती तिथेच शक्य तेवढी बेरीज करावी आणि फक्त बेरीज पुढे पाठवावी. येथे मात्र एक खाच आहे आणि आम्ही तीत पडलो होतो. सरांनी दर घरामागे सरासरी माणसे विचारली तेव्हा प्रत्येक गटाने आपली सरासरी पाठवली आणि मी त्या सरासऱ्यांची सरासरी काढली. समजा, एका वाडीत १० घरे व ५० माणसे आहेत, सरासरी ५. दुसरीत ४० घरे व १२० माणसे, सरासरी ३. दोहोंची सरासरी ४ येते. पण एकूण माणसे १७० आणि घरे ५०, तेव्हा खरे उत्तर ३.४ आहे. म्हणून प्रश्नयंत्रणा कामकऱ्यांकडून सरासरी मागवीत नाही. ती बेरीज आणि संख्या असे दोन आकडे मागवते आणि भागाकार शेवटी स्वतः करते. 'वेगवेगळी आडनावे किती?' हा प्रश्न याहूनही अवघड. एका वाडीत सात आणि दुसरीत पाच आडनावे असली तर गावात बारा आहेत असे होत नाही, कारण काही दोन्हीकडे असतील. तेथे नुसता आकडा पुरत नाही, नावेच पुढे पाठवावी लागतात.

नावे पाठवायची तर कोणाकडे? सर्व जर संयोजकाकडे पाठवली, तर तो पहिल्या रात्रीच्या माझ्यासारखा रडकुंडीला येईल. म्हणून जनगणनेच्या कारकुनांच्या खणांची युक्ती येथे वापरतात. ठरलेल्या गणिती रीतीने प्रत्येक नावाला एक खण नेमून दिलेला असतो. ते नाव कोणत्याही संगणकावर सापडो, ते त्याच खणात जाते. आणि प्रत्येक खण एकेका कामकऱ्याच्या ताब्यात असतो. त्यामुळे एकच आडनाव दोन ठिकाणी मोजले जाण्याचा संभव राहत नाही. या वाटपाला 'शफल' म्हणतात; पत्ते पिसण्यासाठीही इंग्रजीत हाच शब्द आहे. साऱ्या कामात सर्वाधिक खर्च बहुधा याचाच असतो.

२००४ मध्ये गूगलच्या जेफ्री डीन व संजय घेमावत यांनी या रीतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. आधी प्रत्येकाने आपल्या तुकड्यावर काम करायचे, तो 'मॅप'. मग खणांप्रमाणे वाटप. मग प्रत्येक खणाचा निकाल, तो 'रिड्यूस'. यावरून २००६ च्या सुमारास 'हडूप' ही सर्वांना मोफत वापरता येणारी प्रणाली उभी राहिली. तिचे नाव डग कटिंग या जनकाच्या लहान मुलाच्या खेळण्यातील हत्तीचे आहे. तिच्यावर एसक्यूएलमध्ये प्रश्न विचारता यावेत म्हणून फेसबुकमध्ये 'हाइव्ह' तयार झाली. तिच्या प्रमुख कर्त्यांत आशिष थुसू व जॉयदीप सेन सरमा हे दोन भारतीय अभियंते होते. पण हाइव्हचे उत्तर यायला फार वेळ लागे. म्हणून त्याच कंपनीत २०१२ मध्ये 'प्रेस्टो' या नव्या यंत्रणेचे काम सुरू झाले आणि २०१३ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. त्या वेळी कंपनीतले हजारांहून अधिक लोक तिला रोज तीस हजारांवर प्रश्न विचारीत असत. तिच्या मूळ कर्त्यांनी पुढे चालवलेल्या शाखेला २०२० च्या अखेरीपासून 'ट्रिनो' हे नाव आहे.

या दोन तऱ्हांतील फरक मला भाताच्या लावणीवरून उमगला. समजा, आधी साऱ्या रोपांची खणणी करायची, मुठी बांधून बांधावर रचायच्या, शेवटची मूठ रचून झाल्यावरच चिखलात उतरायचे. ही झाली हडूपची जुनी रीत; प्रत्येक टप्प्याचे काम चकतीवर लिहून ठेवायचे आणि मग पुढचा टप्पा घ्यायचा. दुसरी रीत आपण प्रत्यक्ष करतो ती. एकीकडे रोपे उपटली जात असतात, मुठी हातोहात फेकल्या जात असतात, आणि दुसरीकडे लावणाऱ्या बायका वाकून लावीत मागे सरकत असतात. प्रेस्टो असे चालते. माहिती एका टप्प्यावरून दुसऱ्याकडे स्मृतीतल्या स्मृतीत, हातोहात जाते. वेळ वाचतो, पण धोकाही आहे. मधला एक संगणक बंद पडला, तर प्रेस्टोच्या मूळ रीतीत सारा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारावा लागे. जुन्या रीतीत मुठी बांधावर रचलेल्या असल्यामुळे तेवढेच काम पुन्हा करून पुढे जाता येई. घाईचा छोटा प्रश्न असेल तर एक, रात्रभर चालणारे मोठे काम असेल तर दुसरी, असा विवेक करावा लागतो.

हजार संगणक असले की त्यांतला एखादा रोज बंद पडणार, हे गृहीतच धरावे लागते. म्हणून हडूपच्या साठवणीत प्रत्येक तुकड्याच्या सामान्यतः तीन प्रती वेगवेगळ्या संगणकांवर ठेवतात. एखादा कामकरी बंद न पडता नुसता रेंगाळला, तर तेच काम दुसऱ्या प्रतीवर दुसऱ्याला देतात आणि जो आधी संपवील त्याचेच उत्तर घेतात. दोघांचेही घेतले तर एक वाडी दोनदा मोजली जाईल. अलीकडे साठवणीचे संगणक आणि कामाचे संगणक वेगळे ठेवण्याची प्रथा वाढली आहे. त्यामुळे प्रश्न अगदी घरात जाऊन पोहोचतोच असे नाही. पण उंबऱ्यापाशीच गाळणी लावावी आणि कमीत कमी माहिती हलवावी, हे तत्त्व कायम आहे.

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या भागाकडे येते. तो भाग म्हणजे दोन याद्या जुळवणे.

एका तक्त्यात माणसाचे नाव आणि वय आहे, दुसऱ्यात नाव आणि बँक खाते. दोन्हींतील एकाच माणसाच्या ओळी शेजारी शेजारी आणायच्या, याला 'जॉइन' म्हणतात. एक यादी लहान असेल, तर तिची एकेक प्रत प्रत्येक कामकऱ्याला देऊन टाकतात आणि तो आपल्या मोठ्या गठ्ठ्याशी ती जुळवून पाहतो. दोन्ही याद्या मोठ्या असल्या, तर दोन्हींतील ओळी खणांच्या रीतीने वाटतात, म्हणजे जुळणाऱ्या दोन ओळी एकाच खणात येऊन भेटतात.

यात एक मोठी अडचण येते, आणि तिचे आपल्याकडचे उदाहरण सर्वांच्या घरात आहे. माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून आहे. काकांचीही १ जून. शेजारच्या दोन घरांतील कर्त्या पुरुषांचीही तीच. शाळा जूनमध्ये उघडते. घरी जन्मतारखेची नोंद नसली की पूर्वीचे गुरुजी पहिलीत नाव घालताना १ जून लिहून मोकळे होत. आता कोणी यंत्रणेला सांगितले की, जन्मदिवसाप्रमाणे खण करा, तर ३६५ खणांपैकी १ जूनच्या खणात डोंगर जमेल. बाकीचे कामकरी काम संपवून बसतील आणि १ जूनवाला एकटा घामाघूम होईल. सर्वांचे उत्तर त्याच्यासाठी खोळंबेल, कारण यंत्रणेचा वेग तिच्यातील सर्वांत भारावलेल्या कामकऱ्याइतकाच असतो. या एकांगी ढिगाला 'स्क्यू' म्हणतात. रिकाम्या रकान्यांचेही असेच. 'माहीत नाही' असे लिहिलेले सारे एकाच खणात जाऊन पडतात. यावर उपाय असा की, तेवढा ढीग आणखी कृत्रिम खणांत फोडावा आणि समोरच्या यादीतील संबंधित ओळींच्या प्रती त्या प्रत्येक खणात ठेवाव्यात.

याच कारणाने जुळवणीसाठी नाव किंवा तारखेपेक्षा क्रमांक बरा पडतो. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यातील नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली या गावी देण्यात आला. त्या बारा अंकांत जात, गाव, जन्मतारीख काहीही दडलेले नसते, ते यदृच्छेने दिलेले असतात. त्यामुळे खण सारखे भरतात. पण जे जुळवायला सोपे, ते नको तेथे जुळवायलाही सोपेच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला, तो याच संदर्भातील वादातून. आमच्या पाहणीत आम्ही हा क्रमांक विचारलाच नव्हता, याचे मला नंतर समाधान वाटले.

मात्र माझ्या घरी जे घडले ते क्रमांकाने सुटणारे नव्हते. दोन वर्षांपूर्वी आजीचे वृद्धांसाठी मिळणारे मासिक निवृत्तिवेतन एकाएकी बंद झाले. चार महिने आम्ही हेलपाटे घातले. शेवटी कळले की, एका कागदावर तिच्या नावापुढे 'बाई' आहे, दुसऱ्यावर नाही; आणि एकावरचे वय दुसऱ्याहून सहा वर्षांनी कमी आहे. "यादीत नाव जुळत नाही," असे उत्तर मिळाले. आजीला ते काही केल्या पटेना. ती म्हणाली, "मी हाय ना इथं, मंग कागदावर कशी नाय?" मी तेव्हा बारावीत होते. घरात शिकलेली एकटी मीच, पण तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. दुरुस्ती झाली, वेतन सुरू झाले. पण ते चार महिने तिने औषध अर्धे अर्धे करून घेतले, हे मला मागाहून समजले.

त्या प्रश्नाचे उत्तर मला या अभ्यासात सापडले. जुळवणीचे निरनिराळे प्रकार असतात. जो सर्रास वापरतात त्यात दोन्ही याद्यांत जुळणाऱ्या ओळीच उत्तरात येतात. जी ओळ जुळली नाही ती उत्तरात येत नाही. तिच्याबद्दल कसलीही सूचना मिळत नाही, लाल अक्षर उमटत नाही, यंत्र अडत नाही. उत्तर वेळेवर आणि नीटनेटके येते, आणि त्यात एक म्हातारी नसते. यंत्राने चूक केलेली नसते. त्याला 'जुळणारे दाखव' असे सांगितले होते, ते त्याने दाखवले. परंतु त्याच यंत्राला 'न जुळलेले कोण, तेही दाखव' असे विचारण्याची सोय आहे. त्यासाठी दोनचार शब्दच जास्त लिहावे लागतात. हजार संगणकांना त्या प्रश्नाचे ओझे होत नाही. तो कोणी विचारीत नाही, एवढेच.

येथे विनोबांची आठवण येणे माझ्या गावच्या मुलीला साहजिक आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला भूदानाचा प्रारंभ झाला आणि त्यानंतर सुमारे तेरा वर्षे ते गावोगाव चालत राहिले. त्यांनी गावांना दिल्लीला बोलावले नाही, आपला प्रश्न घेऊन ते गावांकडे गेले. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानात मिळाल्याची नोंद झाली, पण प्रत्यक्षात वाटली गेली ती याहून बरीच कमी. पुष्कळशी जमीन नापीक किंवा वादातली निघाली, पुष्कळशी कागदपत्रांत अडकली. एकूण बेरीज कितीही मोठी असो, ती प्रत्येक गावातल्या प्रत्येक ओळीच्या खरेपणावर उभी असते, हे त्यावरून दिसते. ती ओळ लिहिणारा हात तलाठ्याचा, गुरुजींचा, गणकाचा असतो. आणि आता आमच्यासारख्या शिबिरार्थींचाही.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी सरांनी मला विचारले, "आता तुझा काही प्रश्न आहे का?" मी म्हटले, "ज्या घरांत दोन कागदांवरची नावं जुळत नाहीत, ती घरं किती?" आमच्या अर्जात तो रकाना नव्हता. म्हणून आम्ही पुन्हा वाड्यांवर गेलो. लोकांनी ट्रंकांतून, प्लास्टिकच्या पिशव्यांतून कागद काढून ओटीवर मांडले. नावापुढचे 'बाई', 'राव', काना, वेलांटी, १ जून, १ जानेवारी, सारे काही सापडले. ती यादी आम्ही बाहेर कोणाला दिली नाही. ज्याची चूक त्याच्याच हाती एका चिठ्ठीवर लिहून दिली आणि दुरुस्तीचे अर्ज भरण्यात जमेल तितकी मदत केली. आकडा येथे मुद्दामच देत नाही. पण तो माझ्या अंदाजाहून मोठा होता.

माझ्या वाचकांपैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होतील, कोणी कार्यालयांत बसतील, कोणी जनगणनेच्या कामावर जातील. आपल्यातले काहीजण कदाचित त्या मोठ्या यंत्रणांना प्रश्न विचारण्याच्या जागीही पोहोचतील. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, जुळलेल्यांची यादी हाती आली म्हणजे काम संपले असे मानू नका. दुसरी यादीही मागवा.

आजी आता आपल्या कागदांची पिशवी उशाशी घेऊन झोपते. दर महिन्याला ती माझ्याकडून त्यांच्यावरचे नाव वाचून घेते. मी वाचते, ती मान डोलावते, आणि कागद पुन्हा पिशवीत जातात.